दचक, धास्ती आणि धसका : भयाच्या शिफारशीचा प्रश्न

१

नागपूरहून नांदेडकडे जाणाऱ्या महामार्गाला हिंगोली-कळमनुरीकडून येणारा रस्ता जेथे मिळतो, ते ठिकाण म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाटा. गाव आणि फाटा यांत अंतर असते. गावाला वेस असते, ग्रामदैवत असते, रात्री निजण्याची एक ठरलेली वेळ असते. फाटा रात्रीही जागा असतो. तेथे माणसे एका गाडीतून उतरतात आणि दुसरीची वाट पाहत राहतात. लोकमानसात तिठ्याला जे स्थान आहे ते बहुधा याच कारणाने. घरातली बाधा उताऱ्याच्या रूपाने नेऊन टाकायची ती तिठ्यावर. कारण ती जागा कोणा एकाची नसते.

अशा फाट्याच्या परिसरातून मराठीच्या पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थी आपल्यासोबत दोन प्रकारचे भय घेऊन येतो. एक आजीकडून ऐकलेले: हडळीचे, मुंजाचे, खविसाचे. दुसरे हातातल्या भ्रमणध्वनीवर पाहिलेले आणि खेळलेले. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात या दोहोंविषयी त्याला जे सांगितले जाते ते थोडक्यात असे, की पहिले 'लोकसाहित्य' आहे आणि दुसरे 'रंजन' आहे. पहिल्याचे संकलन करावे, दुसऱ्याविषयी मौन पाळावे. साहित्य म्हणून ज्याचा विचार करायचा ते या दोहोंच्या पलीकडे कोठेतरी आहे, हा धडा तो लवकरच आत्मसात करतो आणि आपण रात्री काय वाचतो, काय पाहतो, हे वर्गात बोलायचे नसते हेही शिकतो.

परिणामी 'घाबरवणारे काय आहे?' या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम मराठी समीक्षेने कधी आपले मानलेच नाही. ते काम आता याद्या करतात. सर्वांत भीतिदायक दहा चित्रपट, सर्वांत भीतिदायक पाच खेळ, एकट्याने वाचू नयेत अशा कथा, अशा या याद्या असतात. त्यांना नाके मुरडणे सोपे आहे. परंतु शिफारस ही समीक्षेची आद्य कृती आहे, हे विसरून चालणार नाही. 'हे वाच' असे सांगणाऱ्यापाशी त्या कृतीविषयीचा एक निकष असतोच, मग तो उच्चारलेला असो वा नसो. याद्यांपाशीही तो आहे आणि तो अत्यंत दरिद्री आहे: किती वेळा दचकलात? मात्र ज्या समीक्षेने भयासाठी कोणताही निकष घडवला नाही, तिला या दारिद्र्यावर बोट ठेवण्याचा अधिकार उरत नाही. दोष प्रथम तिचा आहे.

२

हा दोष अधिक खटकण्याचे कारण असे, की ज्या दोन काव्यशास्त्रांच्या आधारावर मराठी समीक्षा उभी राहिली, त्या दोहोंच्या पायात भय आहे. ॲरिस्टॉटलच्या शोकात्मिकेच्या व्याख्येत करुणेच्या जोडीला भीती आहे, हे प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. त्याच ग्रंथात ॲरिस्टॉटल आणखी एक भेद करतो, तो मात्र क्वचितच शिकवला जातो. केवळ रंगमंचावरील दृश्याने उत्पन्न केलेली भीती आणि घटनांच्या रचनेतून उत्पन्न झालेली भीती या वेगळ्या असून दुसरी अधिक श्रेष्ठ आहे, असे तो मानतो. भयाच्या शिफारशीचा प्रश्न त्याने येथेच मांडून ठेवला आहे.

भारतीय परंपरेत तर स्थिती याहून लक्षणीय आहे. साधारणीकरणाचा सिद्धान्त स्पष्ट करताना अभिनवगुप्त जे उदाहरण घेतो, ते शृंगाराचे वा करुणाचे नाही. ते 'शाकुन्तला'च्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या बाणापुढे मान वळवून धावणाऱ्या हरिणाचे आहे. प्रेक्षकाच्या प्रतीतीत ते अमुक एक हरीण राहत नाही, भिववणारा अमुक एक राजा राहत नाही, 'मी भ्यालो' किंवा 'तो भ्याला' अशी व्यक्तीशी जखडलेली जाणीवही राहत नाही; स्थळकाळाच्या बंधनातून सुटलेले निखळ भय उरते आणि तेच आस्वादाचा विषय होते. रसप्रक्रियेचे हे मध्यवर्ती विवेचन भयावर उभे आहे. के. ना. वाटवे यांच्या 'रसविमर्शा'पासून मराठीत रसचर्चा अखंड चालू राहिली. पण हरिणाच्या त्या उदाहरणातून 'साधारणीकरण' ही संज्ञा तेवढी उचलली गेली आणि भय तेथेच राहिले.

असे का झाले, याचा एक धागा खुद्द नाट्यशास्त्रातच सापडतो. भरताने भय हा भाव स्त्रिया आणि 'नीच प्रकृती' यांच्याशी जोडला आहे. उत्तम प्रकृतीच्या पुरुषाने भ्यावयाचे नसते. फार तर गुरू वा राजा यांच्यापुढे भ्याल्यासारखे दाखवायचे असते. भय बायकांचे, अडाण्यांचे, पोरांचे, ही समजूत आधुनिक मराठी अभिरुचीने जशीच्या तशी वारशाने घेतली आणि तिला 'वाङ्मयीन दर्जा' असे नवे नाव दिले. १८६१ सालची 'मुक्तामाला' आणि तिच्या मागून आलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या हरिभाऊ आपटे यांच्या वास्तववादाने मागे टाकल्या, हे वाङ्मयेतिहासात प्रगतीचे एक पाऊल म्हणून नोंदले जाते. ते पाऊल होते यात संशय नाही. त्याबरोबर भय प्रौढांच्या साहित्यातून हद्दपार झाले, ही नोंद मात्र कोणी केली नाही.

३

भयाचा विचार करण्यासाठी परिभाषा नाही, ही सबब टिकणारी नाही. ती बोलभाषेतच आहे. मराठी माणूस दचकतो, त्याला धास्ती वाटते, तो धसका घेतो. हे तीन शब्द समानार्थी नाहीत. दचक घटनेच्या क्षणी असते आणि क्षणातच संपते. धास्ती घटनेच्या आधी असते. काही घडलेलेच नसते, तरी ती असते. धसका घटनेनंतर उरतो, अंगात मुरतो, माणसाला आतून बदलतो. धसक्याने माणूस खंगला असे म्हटले जाते. दचकेने खंगला असे कोणी म्हणत नाही.

भयाचे हे तीन काळ आहेत, आणि कृतीने कोणता काळ आपला मानला आहे यावर तिचा रूपबंध ठरतो. दचकेला रचना फारशी लागत नाही. शांततेनंतर मोठा आवाज पुरतो; कथेत परिच्छेदाच्या अखेरीस एक उद्गारचिन्ह पुरते. धास्तीला रचना लागते. कारण ज्ञानाची विषम वाटणी हा तिचा प्राण आहे. वाचकाला पात्राहून अधिक माहीत असते, किंवा पात्राला वाचकाहून अधिक माहीत असते, किंवा दोघांनाही एकच गोष्ट माहीत नसते. टोडोरोव्ह याने १९७० साली अद्भुताची व्याख्या करताना ज्या दोलायमानतेवर भर दिला, ती या वाटणीचाच एक प्रकार आहे. धसक्याला तर रचनेबरोबर अर्थ लागतो. नोएल कॅरोल याने १९९० सालच्या आपल्या ग्रंथात भयकृतीतील राक्षस हा वर्गीकरणाच्या सीमा ओलांडणारा, म्हणून भयाबरोबर किळसही उपजवणारा असतो, असे प्रतिपादन केले. बीभत्सातून भयानक उत्पन्न होतो, हे भरताचे म्हणणे त्याच्या शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे. परंतु सीमा कोणत्या आणि त्या कोणी आखल्या, हा प्रश्न प्रत्येक समाजागणिक निराळा असतो. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो. भुतांची ही व्यवस्था म्हणजे जिवंतांच्याच जातिव्यवस्थेची आणि लिंगव्यवस्थेची सावली आहे. ती कोणाला छळते, हे वाचल्याशिवाय ती किती भीतिदायक आहे हे सांगता येत नाही.

याद्यांचा निकष यांपैकी फक्त पहिल्या काळाला लागू पडतो, कारण दचक मोजता येते. धास्ती आणि धसका मोजता येत नाहीत, त्यांचे वाचन करावे लागते. हे वाचन हेच समीक्षेचे काम आहे.

४

मराठी समीक्षेने भयकथेपासून पळ काढला तो तीन वाटांनी.

पहिली वाट सरसकट नकाराची. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी कित्येक दशके भयकथा लिहिली. खासगी वाचनालयांच्या फळ्यांवरून त्यांच्या प्रती हातोहात फिरल्या. त्यांच्या एखाद्या कथेचे रचनेच्या अंगाने केलेले विश्लेषण गंभीर नियतकालिकांत शोधू जावे, तर हाती फारसे लागत नाही. यावर 'लोकप्रिय' हा शिक्का हे पुरेसे उत्तर समजले गेले. या नकारामुळे धारपांचे नुकसान झाले ते असे, की त्यांच्यावर धड टीकाही झाली नाही. 'समर्थ' मालिकेत धास्तीची उभारणी अनेकदा समर्थपणे होते, पण तारणहार दारात उभा आहे ही खात्री वाचकाला आरंभापासूनच असते. धसका उरू नये याची काळजी ती रचना स्वतःच घेते. या त्रुटीकडे बोट दाखवायला तरी कोणी त्यांना वाचायला हवे होते.

दुसरी वाट नामांतराची. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या कथांना 'गूढकथा' म्हटले गेले, आणि ती संज्ञा त्यांनीही आपली मानली. संज्ञा नेमकी आहे. मतकरींच्या उत्तम कथांतील भय बाहेरून येत नाही. ते कुटुंबाच्या, मनाच्या, अपराधाच्या आतून येते. परंतु समीक्षेने या संज्ञेचा उपयोग पायपुसण्यासारखा केला. भयाची माती दाराबाहेर पुसून 'गूढ' तेवढे घरात घेतले.

तिसरी वाट उन्नयनाची, आणि ती सर्वांत फसवी आहे. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'पिंगळावेळ' (१९७७) मधील 'स्वामी' ही कथा पाहावी. प्रवासातला एक सामान्य माणूस एका मठात नेला जातो. आदराने, आग्रहाने, विनयाने त्याला भूमिगत खोलीत कोंडले जाते आणि आता तोच 'स्वामी' आहे असे त्याला सांगितले जाते. मराठीत याहून भयंकर कथा क्वचितच लिहिली गेली असेल. तिच्यात दचक जवळजवळ नाही. आदरातिथ्याच्या प्रत्येक कृतीतून धास्ती वाढत जाते, कारण मठाला माहीत असलेली एकच गोष्ट त्या माणसाला माहीत नसते. आणि दार लागल्यानंतर जे उरते तो निव्वळ धसका असतो. परंतु जी. एं.वरील चर्चेत या कथेचे भय क्वचितच दिसते. नियती, अस्तित्व, मुक्ती, प्रतीक, रूपक हे सारे दिसते. जणू श्रेष्ठ कथा भीतिदायक असू शकत नाही आणि भीतिदायक कथा श्रेष्ठ असू शकत नाही. म्हणून श्रेष्ठ ठरवण्यापूर्वी तिच्यातील भय काढून घ्यावे लागते. प्रत्यक्षात त्या कथेतील तत्त्वचिंतन वाचकाच्या अंगात उतरते ते भयाच्याच वाटेने. भय काढून घेतले की उरतो तो केवळ एक विचार.

हाच न्याय बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेलाही लावून पाहावा. जात लपवून राहणाऱ्या माणसाची ओळख कोणत्याही क्षणी उघडी पडू शकते. प्रत्येक संभाषण, प्रत्येक आपुलकी हा सापळा असू शकतो. ज्ञानाची विषम वाटणी, घटनेआधीची प्रदीर्घ धास्ती, आणि घटनेनंतर आयुष्यभर पुरणारा धसका, ही त्या कथेची संरचना आहे. विद्रोह आणि सामाजिक आशय यांचे विवेचन तेथे अवश्य व्हावे. पण तो आशय वाचकापर्यंत पोचवणारे साधन भय आहे, हे सांगितल्याशिवाय कथेची भाषा आणि गती समजत नाही. भयकथा हा एक संकुचित, हलका प्रकार आहे असे मानल्यामुळे समीक्षेला आपल्याच मानदंड ठरलेल्या कृती अर्ध्या वाचाव्या लागल्या. नुकसान केवळ धारपांचे झालेले नाही.

येथे देशीवादाकडून अपेक्षा होती. भालचंद्र नेमाडे यांच्या 'टीकास्वयंवर' (१९९०) नंतरच्या काळात देशी परंपरेच्या शोधाला वेग आला. भयाची मौखिक परंपरा याहून देशी ती कोणती असणार? परंतु लघुकथा या प्रकाराविषयीची नेमाडे यांची नापसंती प्रसिद्ध आहे, आणि लोककथा आवडली तरी तिचे आधुनिक, नागर, बाजारी वंशज देशीवादालाही नकोसेच राहिले.

५

पळ काढण्याची किंमत माध्यमांतराच्या टप्प्यावर अधिक स्पष्ट होते. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) हा चित्रपट याचे उत्तम उदाहरण आहे. त्याची वंशावळ अशी: स्टीफन किंग यांची १९८४ सालची 'ग्रॅमा' ही कथा, तिच्यावरून धारपांची 'आजी', ती कथा १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने बर्वे यांना तोंडी सांगितली, त्यातून पंचवीस वर्षांनी चित्रपट झाला. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून आले, कथानक तिचे नाही. छापील कथा, रूपांतर, रात्रीची सांगी आणि पडदा या चार मुक्कामांत कथा बदलत गेली. आंतरसंहितात्मकतेचा पाठ शिकवायला याहून चांगले उदाहरण मराठीच्या अध्यापकाला मिळणार नाही. असे असता 'धारप उसने लिहितात' एवढाच शेरा पुरेसा मानला जातो. 'शपथ' आणि 'लुचाई' या कादंबऱ्यांमागे किंग आहेत हे खरेच आहे. परंतु उसने आणलेले भय येथे रुजले कसे, हा प्रश्न उसनेपणाच्या आरोपाने सुटत नाही, तो तेथे सुरू होतो.

'तुंबाड'मध्ये तो सुटलेला दिसतो. १९१८, १९३३ आणि १९४७ या तीन टप्प्यांत विभागलेल्या या चित्रपटातील हस्तर हा देव सोन्याचा धनी आहे, पण अन्नाला पारखा आहे. त्याला भुलवायचे ते कणकेच्या बाहुलीने. भूक आणि वारसा यांची ही सांगड किंग यांच्या कथेत नाही. वाड्याच्या पोटात जमिनीखाली धन आहे आणि ते बापाकडून मुलाकडे जाते ते उपाय म्हणून नव्हे, तर व्यसन म्हणून. भरताने भयानकाचे तीन प्रकार सांगितले आहेत: व्याजाने म्हणजे बतावणीने निर्माण होणारा, अपराधातून निर्माण होणारा, आणि भेडसावण्यातून निर्माण होणारा. 'तुंबाड' भेडसावतो हे खरे. पण त्याचे खरे बळ दुसऱ्या प्रकारात आहे. शेवटी भीती वाटते ती हस्तरची नव्हे, मुलगा बापाहून अधिक हुशार निघाला याची. पहिल्या प्रदर्शनात मर्यादित प्रेक्षक लाभलेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेहून अधिक उत्पन्न मिळवले. धसका टिकतो तो असा.

हा चित्रपट हिंदीत आहे. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) मराठीत झाला. त्याच दिग्दर्शकाने २०२१ साली तो हिंदीत 'छोरी' या नावाने पुन्हा केला. उसाच्या फडाने वेढलेल्या घरात आलेली गरोदर स्त्री आणि जन्माआधीच वा जन्मताच नाकारल्या गेलेल्या मुली, हे त्याचे आशयसूत्र. त्यातील दचकांची संख्या गरजेपेक्षा अधिक आहे आणि उत्तरार्धात प्रबोधन भयावर मात करते, हे मान्य करायला हवे. पण फडाचा वापर पाहावा. ज्यात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, ज्याच्या वाटा सारख्याच दिसतात, तो ऊस तेथे पार्श्वभूमी नाही, ती धास्तीची रचना आहे. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा केंद्रीय कायदा १९९४ सालचा. त्यानंतर सतरा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, मुलग्यांच्या तुलनेत लहान मुलींचे प्रमाण राज्यात सर्वांत कमी आढळले ते ऊसतोड मजुरांच्या बीड जिल्ह्यात. मराठवाड्यातील प्रेक्षकाला या चित्रपटातला फड परका नाही, आणि त्यातली मुलेही नाहीत.

संगणकीय खेळांविषयी मराठी समीक्षेत नकारही नाही, केवळ अज्ञान आहे. छोट्या, स्वतंत्र निर्मात्यांच्या खेळांत भयाचे जे प्रयोग गेल्या पंधरा वर्षांत झाले, ते संहितेच्या अभ्यासकाने दुर्लक्षावेत असे नाहीत. कथेत अंधाऱ्या खोलीचे दार पात्र उघडते. वाचक फार तर 'उघडू नको' असे मनात म्हणतो. खेळात ते दार खेळणाऱ्यालाच उघडावे लागते. धास्तीची जबाबदारी त्याच्यावर येते. स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्सच्या 'ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट' (२०१०) मध्ये नायकाला शस्त्रच दिलेले नाही, लपणे आणि पळणे एवढेच त्याच्या हाती आहे. किटी हॉररशो यांच्या 'अनॅटमी' (२०१६) मध्ये एका रिकाम्या घरातून ध्वनिफिती गोळा करायच्या असतात. फितीवरचा आवाज घराचे वर्णन शरीराच्या अवयवांसारखे करत राहतो, खेळ मध्येच आपण होऊन बंद पडतो, आणि पुन्हा सुरू करावा तर घर बिघडलेले असते. येथे राक्षस नाही; घर, आवाज आणि पुन्हा आत जाण्याचा खेळणाऱ्याचा निर्णय एवढेच आहे.

तैवानमधील रेड कॅंडल गेम्सचा 'डिटेन्शन' (२०१७) मराठी अभ्यासकाने विशेष लक्ष देऊन पाहावा असा आहे. तैवानमध्ये १९४९ पासून १९८७ पर्यंत लष्करी कायदा होता. १९६० च्या दशकातील एका शाळेत बंदी घातलेली पुस्तके वाचणारे एक गुप्त मंडळ असते, आणि ते उघडे पडते. खेळातील भुते तेथील लोकसमजुतींतून आली आहेत. ती जवळून जात असताना खेळणाऱ्याला श्वास रोखून धरावा लागतो. खेळ जसजसा पुढे सरकतो तसतसे ध्यानात येते, की जिच्या रूपाने आपण वावरतो आहोत, त्याच मुलीने त्या मंडळाविषयी खबर दिली होती. भरताच्या परिभाषेत हा शुद्ध अपराधज भयानक आहे, आणि त्याचा प्रत्यय येतो तो अपराधी आपणच असल्यामुळे. २०१९ साली या खेळावर चित्रपट निघाला. लोककथेतील भूत, राजकीय इतिहासातील दहशत आणि नवे माध्यम यांना एकत्र आणण्याचे काम एका लहान देशातील एका लहान संस्थेने केले. मराठीपाशी हे सारे साहित्य आहे. त्याकडे साहित्य म्हणून पाहण्याची दृष्टी मात्र घडवलेली नाही.

६

या भूमिकेवर येऊ शकणारा एक आक्षेप गंभीर आहे आणि तो पुरोगामी बाजूचा आहे. भुताखेतांच्या कथांची शिफारस म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी नव्हे काय? ज्या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा व्हावा लागला, तेथे हा प्रश्न हलक्याने घेता येत नाही. आणि या भागात तर मुळीच नाही. १९७२ ते १९७४ या काळात मानवत येथे स्त्रिया आणि लहान मुलींच्या हत्यांची जी मालिका घडली, तिचा संबंध गुप्तधनाच्या हव्यासाशी आणि नरबळीशी जोडला गेला. मानवत परभणी जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत वारंगा फाटाही त्याच जिल्ह्यात होता.

परंतु आक्षेपाचा रोख चुकला आहे. मानवतमध्ये जे घडले ते श्रद्धेपोटी, भयकथेपोटी नव्हे. श्रद्धेला भूत खरे असावे लागते, कलेतील भयाला ते खरे असावे लागत नाही. अभिनवगुप्ताच्या हरिणाचा अर्थ तोच आहे. 'तुंबाड' पाहून कोणी जमीन खणायला जात नाही. जमीन खणणाऱ्याला शेवटी काय खावे लागते ते तो चित्रपट दाखवतो. आशिष बेंडे यांच्या 'मानवत मर्डर्स' (२०२४) या मालिकेत तपासकथेचा साचा वापरला आहे, आणि तपासकथा स्वभावतःच धसका पुसून टाकते, कारण गुन्हेगार सापडला की व्यवस्था पूर्ववत झाल्याचा दिलासा मिळतो. गुप्तधनाच्या लोभाने माणसाचे काय होते, हे सांगायला भयकथा अधिक सक्षम आहे. कारण ती दिलासा देण्यास बांधलेली नाही. विवेकवाद्यांनी भयकथेला शत्रू मानण्याऐवजी चांगली भयकथा आणि वाईट भयकथा यांतला भेद मागायला हवा. आणि तो भेद करण्याचे काम पुन्हा समीक्षेकडेच येते.

७

म्हणून शिफारस करायचीच, तर ती अशी करावी. पदव्युत्तर वर्गात 'स्वामी' वाचावी आणि तिच्यातील भय शाबूत ठेवून वाचावी. तिच्याशेजारी 'जेव्हा मी जात चोरली होती' ठेवावी, आणि दोन्हींत माहितीची वाटणी कशी होते ते वाक्यावाक्याने तपासावे. धारपांची 'आजी' घ्यावी, आणि ती कोठून आली व कोठे गेली याचा आलेख विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावा. 'तुंबाड' आणि 'लपाछपी' एकापाठोपाठ दाखवावेत, आणि दुसऱ्यातील कोणत्या दचका गाळल्या तर धसका वाढेल हे विचारावे. 'डिटेन्शन' वर्गात खेळावा. ज्याच्या हाती नियंत्रण आहे त्याला आणि जो बाजूला बसून पाहतो आहे त्याला वेगवेगळे लिहायला सांगावे. आणि या सर्वांच्या आधी, फाट्यावरच्या आजीने सांगितलेली एक गोष्ट जशीच्या तशी लिहून आणायला सांगावी, संकलनाचा नमुना म्हणून नव्हे, तर रचना म्हणून: कोठे थांबून तिने विडी पेटवली किंवा पान लावले, कोणते नाव तिने घेतले नाही, कोणत्या ठिकाणी ती म्हणाली की पुढचे उद्या.

या यादीत वादग्रस्त नोंदी आहेत, आणि असाव्यात. तिच्यावर वाद घालता येतो, कारण तिच्यामागे निकष आहे. दचकांच्या याद्यांवर वाद घालता येत नाही. एक दचकतो, दुसरा दचकत नाही, विषय संपतो. मराठी समीक्षेने अर्धशतकाहून अधिक काळ भयाविषयी बोलायचे टाळले. आपला दर्जा ढळेल ही तिची धास्ती होती. ती जी समीक्षा लिहिते त्यात वाचक उरला आहे की नाही, हे तिने एकदा त्या फाट्यावर उभे राहून पाहावे. गाडीची वाट पाहणाऱ्या मुलाच्या हातात काहीतरी असते, आणि तो ते वाचत, पाहत किंवा खेळत असतो. ते काय आहे, असे त्याला विचारण्यापासून सुरुवात करता येईल.